घरच्या घरी ॲकॉस्टिक गिटारचं रेकॉर्डिंग: तारा बदलण्यापासून शेवटच्या फाइलपर्यंत

ओळखीतली मुलंमुली घरी केलेली गिटारची रेकॉर्डिंग मला ऐकायला पाठवतात. तक्रार बहुतेकदा एकच: "समोर बसून वाजवताना छान वाटतं, पण रेकॉर्डिंगमध्ये डब्यात बसून वाजवल्यासारखं येतं." लगेच पुढचा प्रश्न, कोणता माइक घेऊ आणि कोणता इक्वलायझर लावू? मी आधी तीन गोष्टी विचारते. तारा कधी बदलल्या? कुठल्या खोलीत बसलात? माइक गिटारच्या नेमक्या कोणत्या भागावर रोखला होता? दहातल्या आठ वेळा दुखणं इथेच सापडतं.

चूक बहुधा क्रमात असते. तारा जुन्या, म्हणून आवाज मंद येतो. मंद येतो म्हणून माइक जवळ ओढला जातो. जवळ ओढल्यावर घुमायला लागतो, म्हणून खालचे स्वर इक्वलायझरने कापले जातात, आणि शेवटी गिटार कागदासारखी पातळ वाजते. म्हणून खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. एक पायरी नीट झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मी इथे स्टीलच्या तारांची साधी गिटार, एक माइक, एक ऑडिओ इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), लॅपटॉप आणि फ्लॅटमधली दहा बाय दहाची बेडरूम धरली आहे.

१. आधी गिटार

रेकॉर्डिंगच्या आदल्या दिवशी तारा बदला, त्याच दिवशी नको. नव्या तारा ताणून बसायला वेळ घेतात आणि तोवर सतत उतरत राहतात. स्ट्रमिंग करणार असाल तर एक दिवस वाजवलेल्या तारा उत्तम. बोटांनी एकेक तार छेडून वाजवणार असाल तर दोन-तीन दिवस वाजवलेल्या तारा बऱ्या, कारण अगदी कोऱ्या तारांवर बोट सरकल्याची चरचर फार येते.

मुंबईत आणि कोकणपट्टीत दमट हवेमुळे आणि हाताच्या घामामुळे तारा लवकर खराब होतात. वर चमकतात, म्हणून आपण फसतो. फ्रेटजवळ तारेच्या खालच्या बाजूने बोट फिरवा. खरखरीत लागलं, काळे डाग दिसले, किंवा चौथी-पाचवी तार छेडल्यावर झंकार न येता नुसता 'थप्प' असा आवाज आला, तर तारा गेल्या.

लाकडालाही हवा लागते. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पावसाळ्यात वरची फळी फुगते आणि तारा उंच होतात. दिवसभर एसी चालणाऱ्या खोलीत लाकूड सुकतं. गिटार केसमधून काढून किमान अर्धा तास त्याच खोलीत ठेवा, मगच सुरात लावा.

सुरात लावताना नेहमी खालून वर या. स्वर चढा झाला तर तार आधी बरीच सैल करा आणि पुन्हा वर चढवा. खुंटी उलटी फिरवून थेट स्वरावर थांबलात तर तार दोन मिनिटांत उतरते. ट्यूनर ४४० हर्ट्झवर आहे ना, हेही पाहून घ्या. ॲपमध्ये चुकून बोट लागून तो ४३२ वर गेलेला मी पाहिला आहे.

सावधान: कॅपो (नेकवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावल्यावर तारा ताणल्या जाऊन किंचित चढ्या होतात. कॅपो लावून झाल्यावर पुन्हा सुरात लावा. मी एकदा हे विसरले आणि अख्खी संध्याकाळ रेकॉर्ड केलेली गिटार दुसऱ्या दिवशी बासरीशी जुळेना. सगळं परत वाजवावं लागलं.

आता वाजवणाऱ्याकडे वळू. घड्याळ, बांगड्या, कडं उतरवा. शर्टाची बटणं गिटारच्या मागच्या फळीवर घासतात, म्हणून साधा सुती टी-शर्ट घाला. सळसळणारं जाकीट नको. खुर्ची हात नसलेली आणि न कुरकुरणारी हवी. जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची किंवा स्टूल चालेल. स्ट्रमिंगसाठी पातळ पिक घ्या, साधारण ०.६ मिलिमीटरचं. जाड पिकने प्रत्येक फटक्याचा 'टक' असा आवाज वर येतो.

तपासणी: प्रत्येक तार, प्रत्येक फ्रेट, एकेकदा जोरात वाजवा. कुठे भणभण ऐकू येते का? खुंटीचा सैल स्क्रू, तारेचं न कापलेलं टोक, पिकअपच्या (गिटारमध्ये बसवलेल्या, तारांची कंपनं पकडणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीचं झाकण हे नेहमीचे गुन्हेगार. मग बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर ताडून पाहा. फरक मोठा असेल तर गिटार आधी दुरुस्तीवाल्याकडे न्या. हा दोष रेकॉर्डिंगनंतर जात नाही.

२. खोली आणि बसायची जागा

खोलीच्या मधोमध उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीमागून 'टर्रर्र' असा थरथरता आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज ये-जा करतो आहे. फरशीचा मोकळा हॉल, स्वयंपाकघर, न्हाणीघर इथे हे हमखास होतं. घरातली सर्वात भरलेली खोली निवडा, म्हणजे गादी, कपड्यांचं कपाट, पुस्तकं, पडदे असलेली.

दहा बाय दहाच्या खोलीची एक अडचण समजून घ्या. भिंती सुमारे तीन मीटर अंतरावर असल्या की खोली स्वतः ५७ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे ११४ हर्ट्झच्या आसपास घुमते. लांबी-रुंदी सारखी असल्यामुळे हा घुमारा दोन्ही दिशांनी त्याच स्वरांवर साठतो. गिटारच्या पाचव्या तारेचा मोकळा स्वर ११० हर्ट्झ आहे. 'ए' कॉर्ड वाजवली की बाकीच्या कॉर्डपेक्षा एकदम फुगल्यासारखी वाटते, ती यामुळे. म्हणून खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका आणि कोपऱ्यात तर मुळीच नको, कारण कोपऱ्यात खालचे सगळे स्वर साचतात. एका भिंतीपासून खोलीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, थोडं तिरकं बसा.

आता गाद्या आणि गोधड्या काढा. त्या कुठे लावायच्या, यातच बहुतेक जण चुकतात. सगळे माइकच्या मागे लावतात. घरी वापरतो तो माइक सहसा समोरचं ऐकतो, आणि त्याच्या समोर असता तुम्ही आणि तुमच्या मागची भिंत. तेव्हा पहिली जाड रजई किंवा उभी केलेली गादी तुमच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर सोडून. दुसरी जवळच्या बाजूच्या भिंतीवर. फरशीवर सतरंजी. कपाटाचं दार उघडं ठेवा, आतले कपडे चांगलं काम करतात.

सावधान: अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, त्यांचा उपयोग होत नाही. एक इंच जाडीचा स्वस्त फोमही फक्त वरचे स्वर खातो. खालचा घुमारा तसाच राहतो आणि खोली आणखी कोंदट वाटते. आणि यातलं काहीही बाहेरचा आवाज आत येणं थांबवत नाही. ते काम पुढच्या पायरीचं.

३. शांतता मिळवणं

पंखा बंद. एसी बंद. फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार लावा. मोबाइल फ्लाइट मोडवर. घरच्यांना वेळ सांगून ठेवा, म्हणजे कुकर त्या अर्ध्या तासात लागणार नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप कधी चालतो ते दोन दिवस लक्षात घ्या. पावसाळ्यात खिडकीवर पत्र्याची शेड असेल तर उघडीप मिळेपर्यंत थांबण्याशिवाय उपाय नाही. पत्र्यावरचा पाऊस नंतर काढता येत नाही. उन्हाळ्यात पंख्याशिवाय वीस मिनिटंच जमतं, तर वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. घामेजल्या हाताने वाजवलेलं कानाला कळतं.

तपासणी: काहीही न वाजवता दहा सेकंद रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर आवाज वाढवून ऐका. सलग गुणगुण असेल तर ती विजेची आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून गुणगुण ५० आणि १०० वर येते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, माइकची केबल विजेच्या वायरीपासून दूर न्या, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आणि इन्व्हर्टर तपासा.

सावधान: गुणगुण घालवायला तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढणं किंवा वाकवणं जिवावर बेतू शकतं. तसं कधीही करू नका.

४. माइक आणि जोडणी

छोट्या डायफ्रामचा (आवाज झेलणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर, म्हणजे बारीक आवाजही टिपणारा आणि वीज लागणारा माइक गिटारसाठी सर्वात सोयीचा. मोठ्या डायफ्रामचाही छान चालतो. गाण्यासाठी वापरतो तो डायनॅमिक माइकही चालेल, पण त्याला गेन (माइकचा आवाज वाढवणारी इंटरफेसवरची खुंटी) जास्त लागतो आणि वरची चमक कमी येते. माइक आहे तोच वापरा. त्याच्या जागेने पडणारा फरक माइक बदलून पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो. मात्र स्टँड हवाच. पुस्तकांच्या ढिगावर ठेवलेला माइक टेबलाचे सगळे धक्के पकडतो.

मोठ्या डायफ्रामचे बहुतेक माइक बाजूने ऐकतात, टोकाने नाही. कंपनीचं चिन्ह असलेली बाजू सहसा पुढची. टोक गिटारकडे करून लांबचा, धूसर आवाज रेकॉर्ड करणारे मी पुष्कळ पाहिले आहेत.

जोडणीचा क्रम: गेन शून्यावर, स्पीकर बंद, केबल लावा, मग ४८ व्होल्टचं बटण (कंडेन्सर माइकला वीज देणारं) दाबा, मग गेन वाढवा. काढताना उलट. डायनॅमिक माइकला ४८ व्होल्ट लागत नाहीत.

फक्त मोबाइल असेल तर साधं व्हॉइस रेकॉर्डर ॲप टाळा. ते स्वतःच आवाज कमीजास्त करतं आणि गिटारचा झंकार विरत जाताना त्याला गोंगाट समजून दाबून टाकतं. गेन हाताने ठरवता येईल आणि डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी) फाइल मिळेल असं ॲप घ्या. पुढच्या पायऱ्या मोबाइललाही तशाच लागू आहेत.

५. माइकची जागा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. दोन तासांचं सत्र असेल तर अर्धा तास या पायरीचा.

गिटारचा आवाज भोकातून येतो, असा समज आहे, म्हणून लोक माइक तिथेच रोखतात. भोकातून प्रामुख्याने आतल्या हवेचा घुमारा बाहेर पडतो. मोठ्या आकाराच्या गिटारमध्ये तो १०० हर्ट्झच्या आसपास असतो. तारांची खणखण आणि लाकडाचा गोडवा वरच्या अख्ख्या फळीतून येतो. त्यात भर म्हणजे समोरचं ऐकणारा माइक जितका जवळ न्याल तितके खालचे स्वर फुगवतो. भोकासमोर वीतभर अंतरावर या दोन्ही गोष्टी एकत्र येतात आणि ढब-ढब सुरू होते.

सुरुवात इथून करा: माइक बाराव्या फ्रेटसमोर, २५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर, तोंड नेक जिथे बॉडीला मिळतो त्या सांध्याकडे किंचित वळलेलं. ही फक्त सुरुवात आहे. इथून आपल्या गिटारची जागा शोधायची.

कोणी मदतीला असेल तर तुम्ही एकच चार ओळींचा तुकडा वाजवत राहा आणि त्याला हेडफोन घालून माइक सावकाश हलवू द्या. एकटे असाल तर असं करा. पाच जागा ठरवा: बाराव्या फ्रेटसमोर, त्याच जागी पण भोकाकडे थोडा वळवून, त्याच जागी पण ४५ सेंटिमीटरवर, ब्रिजच्या मागच्या रुंद भागासमोर, आणि तुमच्या उजव्या कानाजवळून खाली गिटारकडे पाहणारा. प्रत्येक जागेचं नाव बोलून तोच तुकडा वीस सेकंद वाजवा. मग सगळे तुकडे ऐका.

सावधान: ऐकण्याआधी सगळ्या तुकड्यांचा आवाज सारखा करून घ्या. जो मोठा तो कानाला चांगला वाटतो, आणि आपण चुकीची जागा निवडून बसतो.

ऐकलेल्याचा अर्थ असा लावा. ढब-ढब असेल तर भोकापासून दूर, नेककडे सरका. आवाज पातळ आणि बोटांची चरचर जास्त असेल तर उलट, बॉडीकडे. सगळं लांबून, खोलीतून आल्यासारखं वाटलं तर माइक जवळ आणा किंवा मागची रजई वाढवा. पिकचा 'टक' टोचत असेल तर माइक थोडा वर न्या, म्हणजे तो थेट पिकच्या रेषेत राहणार नाही. उजव्या कानाजवळची जागा बहुतेकांना सुचत नाही, पण आपण वाजवताना जे ऐकतो त्याच्या ती सर्वात जवळ जाते. नुसती गिटार आणि गळा असं गाणं असेल तर मी आधी तिथेच माइक लावून पाहते.

एका वेळी दोन-तीन सेंटिमीटरच हलवा. एवढ्यानेही फरक पडतो. जागा सापडली की स्टँडचे पाय आणि खुर्चीचे पाय जमिनीवर चिकटपट्टीने आखून घ्या. लय पकडली की पुढेमागे डोलणाऱ्यांचा आवाजही गाण्यात आत-बाहेर होतो. डोलायचं असेल तर मानेने डोला, गिटार स्थिर ठेवा.

६. गेन

रेकॉर्डिंग २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेवा. गाण्याचा सर्वात जोराचा भाग, खरोखर जोरात, वाजवा आणि मीटरचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास येईल एवढा गेन द्या. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, त्यामुळे मीटर लाल रेषेजवळ न्यायची गरज नाही. हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं. शून्याला लागून फाटलेला स्वर परत जोडता येत नाही.

खऱ्या टेकला, म्हणजे प्रत्यक्ष रेकॉर्ड करताना, हात नेहमी चाचणीपेक्षा जोरात पडतो. म्हणून उणे १२ म्हणते आहे, उणे ३ नव्हे.

७. हेडफोन आणि क्लिक

कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन घ्या. क्लिकचा, म्हणजे लय धरायला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या टिकटिकीचा, आवाज फक्त लय कळेल एवढाच ठेवा. शेवटची कॉर्ड विरत असताना हेडफोनमधली टिकटिक माइकमध्ये उतरलेली फार वाईट ऐकू येते. सोपा उपाय म्हणजे शेवटच्या कॉर्डनंतर क्लिक बंद होईल असं आधीच लावून ठेवणं. स्वतःचं वाजवणं उशिरा ऐकू येत असेल तर इंटरफेसवरचं थेट ऐकण्याचं बटण वापरा, नाहीतर सॉफ्टवेअरमधला बफर (आवाज साठवून पुढे पाठवण्याचा तुकडा; तो लहान केला की उशीर कमी होतो) १२८ वर आणा.

८. टेक घेणं

प्रत्येक टेकआधी सूर तपासा. हो, प्रत्येक.

रेकॉर्ड दाबल्यावर दोन सेकंद शांत बसा, मग सुरू करा. चुकलात तरी थांबू नका. पूर्ण वाजवून मग चुकलेली ओळ वेगळी घ्या, आधीच्या एका ओळीपासून सुरू करून, म्हणजे जोड नैसर्गिक बसतो. शेवटची कॉर्ड पूर्ण विरेपर्यंत हलू नका, श्वाससुद्धा हळू घ्या. "झालं!" म्हणत हात तारांवर ठेवल्याने चांगला टेक वाया गेलेला मी अनेकांच्या फाइलींत ऐकला आहे. तीन पूर्ण टेक घ्या. त्यात मिळालं नाही तर दहा मिनिटं उठा, पंखा लावा, पाणी प्या.

तपासणी: पहिला टेक झाल्यावर लगेच पूर्ण ऐका. आठ टेक झाल्यावर खुर्चीची कुरकुर लक्षात येणं टाळायचं असेल तर हेच.

९. रुंद आवाज हवा असेल तर

एक टेक कॉपी करून एक डावीकडे आणि एक उजवीकडे टाकला तर रुंद आवाज मिळत नाही. तोच आवाज मधोमध, फक्त मोठा होतो. स्ट्रमिंग रुंद हवं असेल तर तोच भाग दोनदा वेगवेगळा वाजवा आणि एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवा. वाजवण्यातले बारीक फरकच तो रुंदपणा देतात. दुसऱ्या टेकला कॅपो वर सरकवून कॉर्डचे आकार बदललेत तर आणखी खुलतं.

दोन माइक असतील तर नवख्यांनी दोन्हींची तोंडं एकमेकांजवळ, ९० अंशांच्या कोनात लावावीत. दूर-दूर लावलेल्या माइकमध्ये आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो. ३४ सेंटिमीटरच्या फरकाला सुमारे एक मिलिसेकंद. एवढ्यानेही काही स्वर एकमेकांना खोडतात. तपासायला दोन्ही माइक मोनोमध्ये, म्हणजे एकाच चॅनलमध्ये मिसळून, ऐका. आवाज एकदम पोकळ झाला तर एका चॅनलची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटवून पाहा, आणि तरीही पोकळ राहिला तर माइक हलवा. लोक मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐकतात, म्हणून ही तपासणी चुकवू नका.

गिटारला पिकअप असेल तर तो दुसऱ्या चॅनलवर घेऊन ठेवा, पण एकटा वापरू नका. पिएझो (तारांच्या दाबावर चालणाऱ्या) पिकअपचा आवाज कडक आणि प्लास्टिकसारखा लागतो.

१०. रेकॉर्डिंगनंतर

आधीच्या पायऱ्या नीट झाल्या असतील तर इथे फार काम उरत नाही. ७० ते ८० हर्ट्झच्या खालचं कापा; सर्वात जाड तारेचा मोकळा स्वर ८२ हर्ट्झ आहे, त्याखाली गाड्यांची घरघर आणि पायांचे धक्केच असतात. ती तार उतरवून 'डी'वर लावली असेल तर स्वर ७३ वर जातो, मग ६० वर थांबा. खोलीचा घुमारा अजून जाणवत असेल तर ११० ते २०० हर्ट्झमध्ये नेमकी जागा शोधून दोन-तीन डेसिबल कमी करा. कंप्रेसर (मोठे आवाज दाबून हळू-मोठ्यातला फरक कमी करणारं साधन) २:१, अटॅक (दाब सुरू व्हायला लागणारा वेळ) २०-३० मिलिसेकंद, तीन डेसिबलपर्यंत दाब. रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखा कृत्रिम घुमारा) शेवटी, आणि हवा असेल तरच.

हे सगळं गाणं चालू ठेवून करा. एकट्या गिटारवर सुंदर वाटणारा भरलेला आवाज गळ्याखाली अडचण होतो.

मूळ फाइल २४ बिट डब्ल्यूएव्हीमध्ये दोन ठिकाणी ठेवा. आणि त्याच फोल्डरमध्ये एक छोटी नोंद: कोणत्या तारा, किती दिवसांच्या, माइक कुठे, किती सेंटिमीटरवर, गेनचा खटका कुठे, कॅपो कितव्या फ्रेटवर, रजई कुठे. मोबाइलवर माइक आणि गिटारचा बाजूने एक फोटोही काढून ठेवा. आठवड्याने एक ओळ पुन्हा वाजवावी लागली, तर याच नोंदीवरून तोच आवाज परत मिळवता येईल.